चिवावा : पाळावा की न पाळावा?

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. साडीची हौस, भांड्यांची हौस, गॅलरीतल्या गुलाबाची हौस. फिटली की विषय संपला. साडी कपाटात ठेवता येते, कुंडी शेजारणीला देऊन टाकता येते. कुत्र्याच्या हौसेचे मात्र तसे नाही. त्याला भूक लागते, थंडी वाजते, आणि आपण दाराला कुलूप लावून निघालो की ते त्याच दाराकडे डोळे लावून बसते.

अलीकडे या हौसेत एका नव्या नावाची भर पडली आहे : चिवावा. नाव ऐकून आपल्या नाशिकच्या चिवड्याची आठवण झाली तर हसू नका, आकारही साधारण चिवड्याच्या मोठ्या पुड्याएवढाच! मोबाईलवर त्याचे फोटो फिरतात. टपोरे डोळे, उभे कान, अंगात इवलासा स्वेटर. मुले हट्ट धरतात, "आई, एवढंसं तर आहे, आपल्या फ्लॅटमध्ये सहज मावेल!" यजमानही म्हणतात, "आणू या की, खातं ते केवढंसं!" आणि सगळ्यांच्या नजरा शेवटी आपल्याकडे वळतात. म्हणून, मैत्रिणींनो, होकार देण्याआधी या पाहुण्याची दोन्ही बाजूंनी नीट ओळख करून घेऊ या.

हे आहे तरी कोण?

चिवावा हे मेक्सिको देशाच्या उत्तरेकडील एका प्रांताचे नाव. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून येणारे प्रवासी तिथून ही छोटी कुत्री विकत घेऊन जाऊ लागले, आणि प्रांताचेच नाव कुत्र्याला चिकटले. त्या मुलखात फार पूर्वी लोक 'तेचिची' नावाची लहान कुत्री पाळत. चिवावा त्यांच्याच वंशातला, असे मानतात. १९०८ साली अमेरिकेतल्या केनेल क्लबच्या दप्तरी त्याची पहिली नोंद झाली.

पूर्ण वाढलेल्या चिवावाचे वजन दीड ते तीन किलो. म्हणजे आपण बाजारातून आणतो त्या कांद्याच्या पिशवीएवढे. केसांचे दोन प्रकार : एक तुकतुकीत आखूड केसांचा, दुसरा लांब झुपकेदार केसांचा. २०२३ साली गिनेस बुकाने जगातले सर्वांत बुटके कुत्रे म्हणून नोंदवलेली अमेरिकेतली 'पर्ल' चिवावाच. तिची उंची ९.१४ सेंटिमीटर, चहाच्या पेल्याएवढी!

जमेच्या बाजू

पहिली सोय जागेची. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूरला कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्या आधाराने कामगारांच्या वसाहती वाढल्या. दोन खोल्या, फार तर तीन. अशा घरात अल्सेशियन आणला तर माणसांनी कुठे बसायचे? चिवावाला मात्र एक टोपली, एक गोधडी आणि खिडकीतले थोडे ऊन पुरते. व्यायामही बेताचा. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटे चालवले आणि घरात चेंडू टाकून खेळवले की झाले.

दुसरी सोय खाण्याची. छोट्या वाटीभर अन्नात त्याचा दिवस निघतो. अंगणातल्या नळाखाली तासभर घासायला नको, बादलीभर कोमट पाण्यात आंघोळ उरकते.

तिसरी गोष्ट सोबतीची. मुले शाळेत, यजमान पाळीवर. दुपारचे घर खायला उठते. अशा वेळी मांडीवर येऊन झोपणारा, स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून स्वयंपाकघरात मागे मागे फिरणारा जीव असला की मन रमते. चिवावा साधारणपणे घरातल्या एकाच माणसाला आपले मानतो, आणि ते माणूस बहुधा त्याला जेवू घालणारेच असते! साखळीला हिसका देऊन तो कुणाला पाडत नाही, त्यामुळे वयस्कर मंडळींनाही तो झेपतो.

आणि राखणीचे म्हणाल तर चोराला तो अडवू शकणार नाही, पण जिन्यात पाऊल वाजले की सगळ्या मजल्याला खबर देईल. अंगापेक्षा त्याची हिंमत मोठी असते.

आता दुसरी बाजू

हीच हिंमत त्याच्या जिवावरही बेतते. आपण तीन किलोचे आहोत हे त्याला ठाऊक नसते. रस्त्यावरच्या चार दांडग्या कुत्र्यांवर तो खुशाल धावून जातो. म्हणून त्याला मोकळा सोडायची सोय नाही. पट्टाही गळ्यात बांधू नये. या जातीची श्वासनलिका नाजूक असते. छातीभोवती बसणारा पट्टा घ्यावा.

त्याची हाडे बारीक. पलंगावरून उडी मारली, मुलाच्या हातातून निसटला, तर पाय मोडू शकतो. गुडघ्याची वाटी सरकणे हा तर या जातीचा नेहमीचा आजार. कित्येक पिल्लांच्या डोक्यावर तान्ह्या बाळासारखी मऊ टाळू असते, आणि काहींची ती जन्मभर भरून येत नाही. तिथे साधा मार लागला तरी धोका. म्हणून ज्या घरात पाच-सहा वर्षांच्या आतली मुले आहेत, तिथे चिवावा न आणणेच बरे. मूल वाईट नसते आणि कुत्रेही वाईट नसते. पण मूल त्याला बाहुलीसारखे उचलते, ते घाबरून चावते, आणि मार मात्र दोघांनाही बसतो.

घरात थकलेले सासू-सासरे असतील तर आणखी एक विचार करा. एवढेसे कुत्रे पायात घुटमळते आणि अंधारात दिसत नाही. त्याच्यामुळे अडखळून पडलेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर हौस केवढ्याला पडली?

पिल्लू असताना त्याच्या पोटात साठा राहत नाही. काही तास उपाशी राहिले तरी रक्तातली साखर उतरते. ते थरथरते, लटपटते, डोळे फिरवते. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि तडक डॉक्टरांकडे न्यावे. असे होऊ नये म्हणून पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे भरवावे लागते. म्हणजे घरात कुणीतरी हवेच.

दात हे दुसरे दुखणे. तोंड लहान, दात दाटीवाटीने आलेले. कीड आणि घाण लवकर धरते. लहान मुलांच्या मऊ ब्रशने ते घासावे लागतात, आणि पेस्ट कुत्र्यांसाठी मिळते तीच वापरायची, आपली नाही. शी-शूची सवय लावायलाही धीर लागतो. मूत्राशय लहान, वारंवार जावे लागते. पहिले काही महिने वर्तमानपत्रे आणि फिनेल यांचा खर्च वाढला म्हणून समजा.

नाशिकच्या स्वयंपाकघरातले धोके

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती आपल्या जिल्ह्याच्या मुळावरची आहे. नाशिकची ओळख कुठली? द्राक्षे आणि कांदा. आणि कुत्र्याला सर्वांत घातक पदार्थांत या दोघांचे नाव वर आहे!

द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नाही. दोन किलोच्या जिवाला मूठभरसुद्धा फार. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीच्या बागेतून पेटी येते, आपण ती जमिनीवर उघडतो, मणी इकडे तिकडे घरंगळतात. घरात कुत्रे असेल तर पेटी ओट्यावर उघडायची आणि केर लगेच काढायचा. शिऱ्यातला बेदाणा आणि प्रसादातली मनुका हेही त्याच यादीत.

कांदा आणि लसूण कच्चे असोत, तळलेले असोत की वाटणातले असोत, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्या भाजीत, आमटीत, मिसळीत कांदा-लसूण नाही असे होतच नाही. तेव्हा "आपल्यातलंच वाढू थोडं" हे या पाहुण्याला चालायचे नाही. चॉकलेट, चहा-कॉफी, साखरविरहित च्युइंगम, शिजवलेल्या कोंबडीची हाडे, आंब्याची कोय हेही वर्ज्य.

मग द्यायचे काय? कांदा-लसूण, मीठ-मसाला न घालता शिजवलेला भात, उकडलेले अंडे, हाडे काढलेली कोंबडी, थोडी भोपळा-गाजरासारखी भाजी. किंवा लहान जातीसाठी मिळणारे तयार खाणे. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रे पोसते हा आपला जुना समज. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. घर शाकाहारी असेल तर डॉक्टरांना विचारूनच आहार ठरवा.

थंडी, फटाके आणि बिबट्या

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरल्याची बातमी आपण दर एकदोन हिवाळ्यांत वाचतो. सातपूरलाही डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हुडहुडी भरते. चिवावाचे अंग एवढे लहान की त्यातली ऊब भराभर निघून जाते. मुलांच्या जुन्या स्वेटरची बाही कापून, पुढच्या पायांसाठी दोन भोके पाडली की त्याचा झकास स्वेटर होतो. टोपली फरशीवर न ठेवता पाटावर ठेवा. उन्हाळ्यात उलट काळजी. दुपारच्या तापलेल्या डांबरावर त्याला चालवू नका. आपला तळहात रस्त्यावर ठेवून पाहा, आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही नाही.

दिवाळीत फटाक्यांना ते फार घाबरते. आतल्या खोलीत खिडक्या लावून, रेडिओ चालू ठेवून जवळ बसावे. आणि नाशिक शहरात बिबट्या शिरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या विसरू नका. कुत्रे हे बिबट्याचे आवडते भक्ष्य. रो-हाऊसच्या अंगणात रात्री कुत्रे बांधून ठेवणे इथे धोक्याचेच.

शेजारधर्म

सातपूरचे घड्याळ पाळ्यांवर चालते. तिसऱ्या पाळीहून आलेला शेजारी सकाळी आठला झोपतो. त्याच वेळी आपला चिवावा दूधवाल्यावर, पेपरवाल्यावर, जिन्यातल्या मांजरावर भुंकत असेल, तर भांडण ठरलेले! या जातीचे भुंकणे बारीक आणि टोकदार असते, भिंतीतून आरपार जाते. म्हणून पिल्लू असतानाच "बस, गप्प" शिकवायला हवे. भुंकायचे थांबले की लगेच खाऊ, भुंकत असताना लक्ष नाही. "लहान आहे, भुंकू दे" म्हणून कौतुक केले की ती सवय जन्माची.

सोसायटीने कुत्र्याला बंदी केली तर? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. पण हक्काबरोबर कर्तव्यही आले. जिन्यात घाण झाली तर ती आपण उचलायची. भाड्याचे घर असेल तर मालकाला आधी विचारा. महापालिकेचा परवाना आणि त्याचे शुल्क यांची चौकशी सातपूर विभागीय कार्यालयात करावी.

लहान चाव्याला लहान समजू नका

"एवढंसं तर कुत्रं, काय होतंय!" हे वाक्य मनातून काढून टाका. रेबीज कुत्र्याच्या आकाराकडे पाहत नाही, आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी टोचून घ्या. त्याआधी सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी आणि जंताचे औषध.

कुणालाही चावले, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना-तिखट काही भरू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने पूर्वी लोक टाळाटाळ करीत. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात.

विकत घेताना

२००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारे पग जातीचे कुत्रे आठवते ना? त्यानंतर घरोघर पग आले. चपट्या नाकामुळे त्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते, हे पुष्कळांना तो घरी आणल्यावर कळले. फॅशन चार दिवसांची, कुत्र्याचे दुखणे मात्र जन्माचे. चिवावाचे तसे होऊ नये.

कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तेव्हा नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका. पिल्लाची आई पाहायला मागा. "फोटो पाहून पैसे पाठवा" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. 'टी-कप चिवावा' अशी वेगळी जातच नाही. जास्तीत जास्त खुरटलेले पिल्लू जास्तीत जास्त भावाने विकण्याची ती युक्ती आहे, आणि पिल्लू जितके खुरटे तितके दुखणाईत.

"एक मादी घेऊ, पिल्ले विकून पैसे सुटतील" असाही सल्ला कुणी देईल. तो कानाआड करा. पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद, त्यामुळे चिवावाच्या बाळंतपणात पुष्कळदा पोट फाडावे लागते. पिल्ले होतात दोन-तीन. घरबसल्या उद्योग म्हणून त्यापेक्षा पापड बरे!

आणि आपल्या गल्लीतले गावठी पिल्लू? त्याच्याकडेही एकदा पाहा. इथल्या उन्हा-पावसाला ते मुरलेले असते, आजार कमी, किंमत शून्य. लसी टोचल्या आणि वेळेवर शस्त्रक्रिया करून घेतली की तेही तितकेच जीव लावते. दत्तगुरूंच्या पायाशी बसलेली चार कुत्री काही परदेशी नव्हती. घरात कुत्रे म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडले, तर त्यांना भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची आठवण द्या. मात्र देवघराचा उंबरा त्याने ओलांडू नये अशी त्यांची अट असेल, तर ती पाळा.

करणार कोण?

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. चिवावाचे आयुष्य चौदा ते सोळा वर्षांचे. एका सिंहस्थाच्या वेळी आणलेले पिल्लू पुढचा सिंहस्थ पाहून वर आणखी दोन-तीन वर्षे आपल्या घरी असेल. आज सहावीत असलेला, "मीच सगळं करीन" म्हणणारा चिरंजीव तोपर्यंत पुण्याला नोकरीत असेल. मुलगी सासरी गेलेली असेल. खाणे भरवणारी, रात्री दीडला खोकला ऐकून उठणारी, गणपतीत माहेरी जाताना "याला कुठे ठेवू?" म्हणून जाणे रद्द करणारी कोण असेल, ते सांगायला ज्योतिषी नको. रेल्वेत कुत्रे नेता येते, पण पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आपल्या नावावर असेल तर; नाहीतर सामानाच्या डब्यातल्या पेटीत. एवढ्याशा जिवाला त्या पेटीत कोण घालणार?

म्हणून घरातल्या सर्वांना एकदा बसवा आणि कागदावर लिहून काढा : सकाळी फिरवणार कोण, घाण उचलणार कोण, डॉक्टरांचा खर्च कुठल्या पैशांतून, आपण चार दिवस गावी गेलो तर सांभाळणार कोण. प्रत्येक ओळीपुढे नाव लिहा. नाव लिहिणाऱ्याची सही घ्या, आणि महिनाभर कुत्र्यावाचूनच ती कामे करून दाखवायला सांगा. रोज पहाटे सहाला उठून नुसते फिरून यायचे, रात्री झोपण्याआधी गॅलरी धुवायची. महिन्यानंतरही उत्साह टिकला, तर पिल्लू आणायला हरकत नाही. सगळ्या ओळींपुढे आपलेच नाव आले, तर मग निर्णयही आपलाच. आनंदाने "हो" म्हणा किंवा स्पष्ट "नाही" म्हणा. बाईने घरातल्या हट्टाला "नाही" म्हटले म्हणून ती निष्ठुर ठरत नाही. आणून मग कंटाळून रस्त्यावर सोडून देणे हे खरे निष्ठुर, आणि १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे.

ज्या घरात मुले जरा मोठी आहेत, दिवसा कुणीतरी असते, खर्चाची तयारी आहे आणि कामाची वाटणी झाली आहे, त्या घरात चिवावा सुखाने नांदेल. स्वयंपाक करताना पायाशी त्याची टोपली, दुपारी मांडीवर त्याची ऊब. ते सुख खरेच लाखमोलाचे. फक्त ते आणताना त्याच्या वजनाकडे पाहू नका. जीव तीन किलोचा असला, तरी त्याची भूक, भीती आणि माया कुठल्याही मोठ्या कुत्र्याएवढीच असते.